कमी दाबाचे चेंडू

मयुरीच्या डाव्या गालावर टेनिसच्या चेंडूचा गोल शिक्का उमटला, तेव्हा देवचंद अहिरे यांनी घरात जाहीर केलं की खेळ म्हटला की लागायचंच. मयुरी त्यांची आठ वर्षांची मुलगी. तिने रॅकेट कपाटामागे, मोडक्या छत्र्यांच्या शेजारी उभी करून ठेवली आणि आईला, म्हणजे पुनमला, सांगितलं, "चेंडू माझ्या डोक्यावरून जातो. उडी मारली तर तोंडावर येतो. उद्यापासून मला उठवू नको."

पुनम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पोरं कधी हट्ट करतात आणि कधी खरं बोलतात, यातला फरक तिला कळत असे. तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

देवचंद एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. बावीस वर्षांत त्यांनी कुणाचाही कागद पहिल्या फेरीत पुढे जाऊ दिला नव्हता. त्रुटी काढण्यात त्यांचा हात धरणारा धुळ्यात कुणी नव्हता; एकदा तर त्यांनी स्वतःच्या रजेच्या अर्जातच त्रुटी काढून तो दुरुस्तीसाठी स्वतःकडे परत घेतला होता. अशा माणसाला नजरेने नमवणं सोपं नसतं. पण पुनमची नजर हा शासकीय कागद नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मयुरीचा प्रशिक्षक आकाश घरी आला. पंचविशीचा पोरगा, शिरपूरचा, पुण्याला जाऊन लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेऊन आलेला. त्याच्या एका हातात नेहमीचा पिवळा चेंडू होता आणि दुसऱ्या हातात एक जरा मोठा, अर्धा लाल अर्धा पिवळा. त्याने दोन्ही हात डोक्यापर्यंत नेले आणि चेंडू एकदम सोडले. पिवळा उसळून मयुरीच्या हनुवटीपर्यंत आला. लाल चेंडू तिच्या कमरेशी येऊन थबकला, तिने पकडावं म्हणून थांबल्यासारखा. मयुरीने तो पकडलाही.

"काका, हा हळू येतो आणि कमी उसळतो," आकाश म्हणाला. "पोरांना पाय नीट ठेवायला वेळ मिळतो. सोबत कोर्ट छोटं करायचं, जाळी खाली घ्यायची. लहान मुलांना आता असंच शिकवतात."

"याचं काही परिपत्रक?" देवचंदांनी विचारलं.

आकाशने मोबाईलवरून छापून घेतलेली अकरा पानं आणून दिली. देवचंदांनी ती लाल पेन हातात घेऊन दोन दिवस वाचली. एकही त्रुटी सापडली नाही. त्या क्षणापासून ते मंद चेंडूचे झाले. मयुरीने रॅकेट छत्र्यांतून बाहेर काढली, आणि तीन आठवड्यांत ती भिंतीवर सलग अकरा फटके मारू लागली. अकरावा झाला की ती मागे वळून वडिलांकडे बघायची. देवचंदांच्या छातीत त्या वेळी काय व्हायचं, त्याची नोंद कुठल्याही फाइलीत नाही.

गोष्ट इथेच संपली असती. पण देवचंद एका सभेत बोलले.

धुळ्याच्या देवपुरातल्या मैत्री क्रीडा मंडळाकडे सिमेंटचं एकच कोर्ट होतं आणि ज्ञानचंद छाजेड हे एकच अध्यक्ष, दोन्ही सारखेच जुने. शेतीच्या पाइपांचे व्यापारी म्हणून सगळ्यांचे शेठजी, सत्तरीचे, पांढरीशुभ्र टोपी. चाळीस वर्षं रोज सकाळी खेळत आलेले. लाल चेंडूवर त्यांचा पहिल्या दिवसापासून राग होता. "पोरांना सवय कशाची लावताय, अहिरेसाहेब? पुढे दुनिया काय हळू चालणार आहे?" त्यांचा नातू अर्हम नऊ वर्षांचा होता आणि मोठ्यांच्याच चेंडूने खेळायचा. म्हणजे बहुतेक वेळ तो चेंडू मागच्या जाळीतून उचलून आणायचा. पण उचलायचा अगदी मोठ्या माणसासारखा.

मे महिन्यात जळगावहून पत्र आलं. दहा वर्षांखालील मुलांचा जळगाव विरुद्ध धुळे सामना, रविवारी सकाळी सात वाजता, धुळ्यात. परिच्छेद चार असा होता: सामना लाल मंद चेंडूंनीच होईल, दोन डझन नवे चेंडू यजमानांनी पुरवावेत, सामन्यापूर्वी चेंडूंची उसळी मोजली जाईल, योग्य चेंडू नसल्यास पाहुणा संघ विजयी धरला जाईल. खाली सही, वृषाली तायडे, संघ व्यवस्थापक. या वृषालीताई भुसावळच्या. रेल्वेकडून खेळलेल्या. त्यांना हसताना कुणी पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं.

सभेत शेठजींनी विचारलं, "कुणाला काही शंका?" सगळे सामोशांकडे बघत होते. देवचंद उठले आणि म्हणाले, "परिच्छेद चारमध्ये 'योग्य' या शब्दाची व्याख्या दिलेली नाही."

पाच मिनिटांत ते चेंडूप्रमुख झाले.

सोमवारी पुण्याहून चेंडूंचं खोकं आलं. मंडळाच्या साठा वहीत नोंद करायची होती. त्या वहीत दर्जा नावाचा एक रकाना आहे आणि चाळीस वर्षांत तिथे 'चांगला' याशिवाय दुसरा शब्द कुणी लिहिलेला नाही. पावसात फुटलेली छत्री आली तीही चांगली, पाय नसलेलं बाक आलं तेही चांगलं. देवचंदांना हे बेजबाबदारपणाचं वाटलं. खोक्याच्या पाठीवरचा इंग्रजी मजकूर त्यांनी शब्दकोश घेऊन मराठीत आणला आणि सुवाच्य अक्षरात लिहिला: 'कमी दाबाचे. कमी उसळीचे. प्रमाणित चेंडूपेक्षा ७५ टक्के मंद.' खाली पूर्ण सही, तारीख. खोकं त्यांनी जबाबदारी म्हणून घरी नेऊन ठेवलं.

आता कमी दाब हा शब्द धुळ्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नळ कमी दाबाने येतो तेव्हा वरच्या मजल्यावरची माणसं खालच्या मजल्यावरच्यांशी बोलत नाहीत. वीज कमी दाबाने येते तेव्हा मे महिन्यात कूलर नुसता घरघरतो. मंगळवारी सकाळी कुणीतरी वहीच्या त्या पानाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. खाली लिहिलं होतं, 'चेंडूप्रमुखांनी स्वतः लिहून दिलंय, माल पंचवीस टक्केच आहे.'

दुपारपर्यंत गटावर त्र्याहत्तर निरोप आले. एकाने ग्राहक मंचाचा पत्ता दिला. एकाने चेंडू घासलेटात बुडवून वाळवायला सांगितले. एकाच्या मेहुण्याकडे रबरी चेंडू घाऊक होते. आकाशने खरी माहिती चार वेळा टाकली, ती कुणी वाचली नाही, कारण ती लांब होती. देवचंदांनी फक्त एक वाक्य लिहिलं, 'मंद हा येथे गुण आहे,' आणि त्यावर कुणीतरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा पाठवला. तो चेहरा देवचंदांना कचेरीत दिवसभर दिसत राहिला.

बुधवारी शेठजींची चिठ्ठी आली. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, कोर्टावर, निकृष्ट माल स्वीकारल्याबाबत चौकशी. चौकशी समितीत स्वतः शेठजी आणि मंडळाच्या खजिनदार लताबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. समितीने चेंडू नाकारले तर रविवारी चेंडूच नाहीत, आणि चेंडू नाहीत तर परिच्छेद चार. देवचंदांनी चिठ्ठी तीनदा वाचली. 'निकृष्ट' शब्दातला पहिला ऱ्हस्व बरोबर होता. काढायला काही नव्हतं.

त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसलेले असताना शेजारचे कौतिकआबा आले. आबा नळपाणी खात्यात चाळीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला किती दाबाने पाणी सोडायचं, हे त्यांच्या मनगटात होतं, आणि निवृत्त झाल्यावर त्या मनगटाला काम उरलं नव्हतं.

"काय शे भाऊ, तोंड का उतरेल शे?" आबांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

देवचंदांनी सगळं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकलं आणि त्यातला एकच शब्द उचलला.

"दाब कमी शे म्हन."

"आबा, तो कमीच असतो. कमीच पाहिजे."

"दाब कधी कमी पाहिजे राहस का?" आबांना या वयात नवीन ऐकायची सवय नव्हती.

देवचंद थकले होते. सकाळपासून ते हेच वाक्य नव्वद माणसांना सांगत होते. ते उठले, आत जाता जाता म्हणाले, "आबा, आता तुम्हीच बघा काय करायचं ते," आणि जेवायला गेले. माणूस वैतागला की असं बोलतो. पण आबांनी आयुष्यभर वरिष्ठांचे तोंडी हुकूम पाळले होते.

गुरुवार-शुक्रवार देवचंद नरडाण्याला दौऱ्यावर होते.

शनिवारी पाचला कोर्टावर ऊन अजून पांढरं होतं. पालक वर्तमानपत्रांच्या घड्या डोक्यावर धरून बाकांवर बसले होते. एका बाजूला दोन खुर्च्या, समोर एक स्टूल. स्टूल देवचंदांसाठी होतं. माल स्वीकारणाऱ्याने चौकशीत मालाला हात लावायचा नाही, असं शेठजींनी सुरुवातीलाच बजावलं. बावीस वर्षं देवचंद टेबलाच्या ज्या बाजूला बसत आले होते, ती ही बाजू नव्हे. समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला पाय कसे ठेवावेत ते का सुचत नाही, हे त्यांना आज कळलं.

पद्धत आकाशच्या अकरा पानांतलीच होती. चेंडू आठ फूट चार इंचांवरून सोडायचा आणि किती उसळतो ते मोजायचं. लाल चेंडू तीन ते साडेतीन फूट उसळला पाहिजे. नेहमीचा असतो तो साडेचारच्या वर जातो. भिंतीवर खडूच्या रेघा ओढल्या होत्या. लताबाई शिवणकामाची टेप घेऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. आकाश शिडीवर चढला, मापाच्या खुणेवर चेंडू धरला आणि सोडला.

देवचंदांनी डोळे तीन फुटांच्या रेघेवर लावले होते. चेंडू ती ओलांडून गेला. साडेतीनचीही ओलांडली.

"चार फूट आठ," लताबाई म्हणाल्या.

आकाशने खोक्यातून दुसरा घेतला. पाच फूट. तिसरा, पाच फूट एक इंच. आकाश शिडीवरून खाली देवचंदांकडे बघायला लागला. देवचंद त्याच्याकडे.

शेठजींचा चेहरा मात्र उजळला. "अरे, हे तर फर्स्टक्लास आहेत. अहिरेसाहेब, तुम्ही उगाच वहीत भलतंसलतं लिहिलं. आमच्या चेंडूंपेक्षा जास्त उडतात हे." बाकांवरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "लताबाई, लिहा. चेंडूंची उसळी उत्कृष्ट आढळली. अहिरे यांच्यावरचा ठपका काढून टाकण्यात येत आहे. त्यांची सही घ्या."

टाळ्यांच्या दिशेने बघताना देवचंदांना शेवटच्या बाकावर कौतिकआबा दिसले. आबांनी हात हळूच वर केला, अंगठा आणि तर्जनी जुळवून सायकलच्या पंपाचा दांडा दाबल्यासारखी खूण केली आणि समाधानाने मान हलवली.

देवचंदांनी मान वळवून खोक्याकडे पाहिलं.

लताबाईंनी कागद पुढे केला. देवचंदांनी पेन काढलं. हा कागद त्यांना चांगला समजत होता. यावर सही केली की ते सुटले. उद्या वृषालीताई चेंडू मोजतील, नापास करतील, मग जबाबदार पुण्याचा दुकानदार, नाहीतर हा आकाश. देवचंदांच्या हातात समितीचा ठराव असेल. कचेरीत माणसाला याहून अधिक काही लागत नाही.

तेवढ्यात भिंतीकडून चेंडूचा आवाज आला. ताटकळलेल्या मयुरीने खोक्यातला एक चेंडू घेऊन खेळायला सुरुवात केली होती. पहिला फटका भिंतीवर बसला, चेंडू परत येऊन तिच्या डोक्यावरून गेला. ती धावत जाऊन घेऊन आली. पुन्हा मारला, पुन्हा डोक्यावरून. तिसऱ्यांदा तिने उडी मारली, आणि चेंडू चेहऱ्यासमोर आल्यावर हात आडवा धरून मान फिरवली. मग ती चेंडू आणायला गेली नाही. रॅकेट काखेत धरून तशीच उभी राहिली.

देवचंदांनी पेनाला टोपण लावलं.

"शेठजी, माझी हरकत आहे."

"कशाला?"

"मी निर्दोष सुटण्याला."

बाकांवरच्या वर्तमानपत्रांच्या घड्या डोक्यावरून खाली आल्या. देवचंद स्टुलावरून उठले. "हे चेंडू चांगले उडतात. म्हणजे ते बिघडलेले आहेत."

"अहिरे," लताबाई टेप गुंडाळत म्हणाल्या, "वाक्य पुन्हा म्हणा. सावकाश."

देवचंद पुन्हा म्हणाले. शेठजींनी टोपी काढून हातात घेतली. ते भयंकर चिडले की टोपी काढत. "चार दिवस माल कमी म्हणून आम्ही तुमच्या मागे लागलो. आता माल चोख निघाला तर तुम्हाला तो कमी पाहिजे?"

"लहान मुलांसाठी कमीच पाहिजे. तो कमीच होता. माझ्या घरी असताना त्यात बदल झाला. जबाबदारी माझी आहे."

"त्याले कसाले बोलतस?" मागून आबा उभे राहिले. "हवा मी भरेल शे. बठ्ठास्मा. दोन दिन लागनात."

त्यांनी ते सविस्तर सांगितलं, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. जनावरांच्या औषधाच्या दुकानातून बारीक सुई आणली, सायकलच्या पंपाला जोडली, चेंडूत टोचून हवा भरली, सुई काढल्याबरोबर पंक्चरचं सोल्यूशन लावलं. चोवीसच्या चोवीस. इतकं सुबक काम, की बाहेरून डाग दिसत नव्हता. पुनमने त्यांना खोकं दिलं, कारण देवचंदांनीच सांगितलंय असं ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

"आबा, मी तसं म्हणालो नव्हतो," देवचंद म्हणाले.

"तू म्हनना, तुम्हीच बघा. मी देखं."

मग आबाच म्हणाले, इतकं काय त्यात, हवा भरता येते तशी काढताही येते. सुई खिशातच होती. त्यांनी एका चेंडूत ती टोचली, फुस्स आवाज झाला, आकाशने चेंडू वरून सोडला. तो जमिनीवर पडला आणि तिथेच बसला. दुसरा एक फूट उडाला. तिसरा वाकडा उडून शेठजींच्या खुर्चीखाली गेला. सहा चेंडूंनंतर लताबाईंनी सुई मागून घेतली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.

सहा वाजले होते. उद्या सातला जळगावची गाडी येणार होती. पुण्याहून काही येणं शक्य नव्हतं. आकाशकडचे सरावाचे लाल चेंडू झिजून गुळगुळीत झालेले.

"जळगावला फोन करू," देवचंद म्हणाले. "त्यांच्याकडे असतील. घेऊन या म्हणावं."

शेठजी खुर्चीतून उठलेच. "जळगावकरांकडे चेंडू मागायचे? यजमान आपण. माझी सासुरवाडी आहे तिथे, अहिरेसाहेब. पन्नास वर्षं मी तिथे मान खाली घातलेली नाही. फोन करायचा नाही. सकाळी आपल्या पिवळ्या चेंडूने खेळू, काय करतात बघू." आणि ते टोपी घालून निघून गेले.

देवचंदांनी अध्यक्षांचा शब्द आजवर मोडला नव्हता. ते कोर्टाबाहेर स्कूटरपाशी गेले, दहा मिनिटं नुसते उभे राहिले, मग फोन लावला. वृषालीताईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "हे लेखी पाठवा."

देवचंदांनी स्कूटरच्या सीटवर वही ठेवून अर्ज लिहिला. नोकरीत इतरांचे हजारो अर्ज तपासले होते, पण स्वतःच्या चुकीचा अर्ज हा पहिलाच. तीन कागद फाडले. चौथा असा झाला:

'विषय: चेंडू मिळणेबाबत. महोदया, आमच्याकडील चोवीस चेंडूंमध्ये शेजाऱ्यांनी सद्हेतूने हवा भरल्यामुळे ते लहान मुलांच्या खेळास निरुपयोगी झाले आहेत. चेंडू माझ्या ताब्यात होते, सबब चूक माझी आहे. परिच्छेद चारनुसार आपला संघ विजयी ठरतो, हे मला मान्य आहे. तथापि मुलांनी खेळावे, अशी विनंती आहे.'

फोटो काढून पाठवला. दोन मिनिटांनी उत्तर आलं: 'वाचलं.' त्यापुढे काही नाही. येतो नाही, आणतो नाही, जमणार नाही असंही नाही. देवचंद त्या एका शब्दाचे अर्थ लावत घरी गेले. पुनमने ताट वाढलं आणि विचारलं, "काय म्हणाल्या?" त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. तिने पाहिलं आणि म्हणाली, "शिकलेली बाई दिसते." त्यानंतर देवचंदांनी त्या शब्दाचे आणखी दोन अर्थ लावले.

रविवारी सातला सगळे हजर होते. मुलं सहापासून बूट घालून बसली होती. शेठजी पांढऱ्या पोशाखात, पिवळ्या चेंडूंचा नवा डबा मांडीवर घेऊन. देवचंदांशी ते बोलत नव्हते, देवचंदांच्या दिशेच्या झाडाशीही बोलत नव्हते. सव्वासात झाले. साडेसात. एक पालक म्हणाला, "येत नाहीत. कागदावर जिंकले, कशाला येतील?" मयुरीने वडिलांच्या बाहीला धरून विचारलं, "येणार ना?" देवचंदांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही कागदाचा आधार नसताना सांगितलं, "येणार."

आठला वीस मिनिटं कमी असताना गाडी फाटकात शिरली. आधी मुलं उतरली, मग उंच, कमावलेल्या शरीराच्या वृषालीताई. हातात कापडी पिशवी. "पारोळ्याला गाडीचा टायर बसला," एवढंच बोलून त्या थेट कोर्टावर गेल्या आणि पिशवी उलटी केली. नऊ लाल चेंडू, जरा वापरलेले. मग खिशातून टेप काढली आणि आपलेच चेंडू एकेक करून मोजायला लागल्या. दोन बाजूला काढले.

"ते तुमचेच आहेत ना, ताई?" आकाशने विचारलं.

"म्हणून काय झालं?" त्या म्हणाल्या.

देवचंद हे दुरून बघत होते. इतका आदर त्यांना आजवर फक्त जुन्या पद्धतीच्या टिपण्या लिहिणाऱ्या एका वरिष्ठाबद्दल वाटला होता.

मग वृषालीताईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं, मोबाईल काढला आणि अर्ज मोठ्याने वाचला. विषयापासून विनंतीपर्यंत. शेजाऱ्यांनी सद्हेतूने या शब्दांना आबांनी हात जोडले. बाकी कुणी हसलं नाही, हेच देवचंदांना जड गेलं. जळगावच्या पालकांत शेठजींचा एक मेहुणा निघाला आणि तो लक्षपूर्वक ऐकत होता.

"परिच्छेद चारप्रमाणे चषक जळगावचा," वृषालीताई म्हणाल्या. "ते ठरलं. आता खेळू."

"हरलोच आहोत तर खेळायचं कशाला?" शेठजी म्हणाले.

"पोरं दोन तास गाडीत बसून आली आहेत," वृषालीताई म्हणाल्या आणि जाळी खाली घ्यायला गेल्या.

पहिला सामना अर्हमचा, जळगावच्या मननशी. अर्हमला मोठ्या चेंडूची सवय. तो चेंडू यायच्या आधीच रॅकेट फिरवून मोकळा व्हायचा, आणि चेंडू मग सावकाश त्याच्या शेजारून जायचा. तो दहा-तीनने हरला. शेठजींनी त्याला पाण्याची बाटली देत विचारलं, "काय झालं?"

"आजोबा, वेळच खूप मिळतो," अर्हम म्हणाला. "मध्ये विचार येतात."

शेठजींनी बाटली परत घेऊन झाकण लावलं. नातवाच्या तोंडून चेंडूबद्दल एवढं मोठं वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

तिसरा सामना मयुरीचा होता. समोर मुस्कान नावाची दोन वेण्यांची मुलगी, तिच्याएवढीच. देवचंद बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. चार-चार, सहा-सहा, आठ-आठ. मयुरीच्या गालावर आता काही खूण नव्हती, पण चेंडू छातीच्या वर आला की ती अजून जराशी कचरायची, आणि आठ-नऊ असताना तेच झालं. चेंडू फार उंच नव्हता, तिला तो मारता आला असता. तिने मान फिरवली. आठ-दहा.

देवचंदांनी मनात सांत्वनाची तीन वाक्यं तयार केली. मयुरी आली, तीनही वाक्यं ऐकून घेतली आणि म्हणाली, "तो लागला नसता, पप्पा. मला आधीच कळायला पाहिजे होतं." आणि पाणी पिऊन पुन्हा मुस्कानकडे गेली.

सामने जळगावने चार-एक जिंकले. बक्षीस समारंभ सुरू झाला. शेठजींनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. ते काय बोलणार याची देवचंदांना कल्पना होती: चेंडूप्रमुख, परिच्छेद चार, आणि सासुरवाडीतला मान. ते मान खाली घालून मागे उभे राहिले.

"आज धुळ्याच्या इतिहासात," शेठजींनी सुरुवात केली, "जे कधी झालं नव्हतं ते..."

मागून आवाज येत होता. ठप. ठप. ठप. रिकाम्या कोर्टावर मयुरी आणि मुस्कान खेळत होत्या. गुण नाहीत, पंच नाही. लाल चेंडू जाळीवरून जात होता आणि येत होता. शेठजींनी आवाज चढवला. "...ते काही माणसांच्या..." ठप. ठप. पुढच्या रांगेतली दोन मुलं मान वळवून मोजायला लागली. तेरा. चौदा. मग त्यांच्या आया. वृषालीताई वळल्या. मेहुणा वळला. वीस झाले तेव्हा समारंभाकडे तोंड करून एकटे देवचंद उभे होते, शिस्त म्हणून.

एकविसावा चेंडू मयुरीच्या छातीच्या वर आला. शेठजींना तो मंचावरून दिसला. त्यांचं वाक्य अर्धं राहिलं. मयुरीने मान फिरवली नाही. एक पाऊल मागे घेतलं, वाट पाहिली आणि मारला.

"बावीस," शेठजी म्हणाले. ते ध्वनिक्षेपकातून सगळ्या देवपुराला ऐकू गेलं.

लताबाईंनी चहाचे कप भरायला घेतले होते, त्यांचा हात थांबला. आबा बाकावर उभे राहिले होते. कुणीतरी शेठजींना हळूच म्हणालं, "भाषण?"

"थांबा हो," शेठजी म्हणाले. "चालू आहे अजून."

देवचंद शेवटी वळले. तोवर मोजणारी मुलं एकतीसवर पोचली होती.